विश्लेषण : लष्करी सबमशीन गनची 'नागरी' आवृत्ती अमेरिकेत कशी विकत मिळते? शून्य डॉलरच्या करामुळे काय बदलले?

मुंबईवरील २६/११ च्या हल्ल्यावेळी एनएसजी कमांडोंच्या हातातील आखूड, काळी बंदूक साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिली. ती होती जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीची 'एमपी-५' सबमशीन गन. दिसायला जवळपास हुबेहूब, त्याच कंपनीने बनवलेली आणि तेच ९ मिमीचे काडतूस वापरणारी बंदूक अमेरिकेतील टेक्सासमध्ये साध्या पिस्तुलाच्या नियमांनी दुकानातून विकत घेता येते. मुख्य फरक एवढाच की, चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. अशा बंदुकीला मागचा दस्ता लावायचा तर आजवर २०० डॉलरचा कर भरावा लागत होता. १ जानेवारी २०२६ पासून तो शून्यावर आला. रक्कम किरकोळ असली तरी त्या निमित्ताने ९० वर्षांहून जुन्या कायद्याचा पायाच न्यायालयात तपासला जाऊ लागला आहे.

'नागरी आवृत्ती' म्हणजे नेमके काय?

सबमशीन गन म्हणजे पिस्तुलाचे काडतूस वापरणारी, पण चाप दाबून धरला तर गोळ्यांची फैर झाडणारी आखूड बंदूक. अमेरिकेची थॉम्पसन, ब्रिटिशांची स्टेन, इस्रायलची उझी, जर्मनीची एमपी-५ ही त्यातील प्रसिद्ध नावे. आपल्याकडे अशा प्रत्येक बंदुकीला सरसकट 'स्टेनगन' म्हणण्याची सवय आहे. एमपी-५ चा गोळीबाराचा वेग मिनिटाला सुमारे ८०० गोळ्या, तर उझीचा सुमारे ६००. अर्थात, मॅगझीनमध्ये साधारण ३० गोळ्या मावत असल्याने हा वेग दोन-तीन सेकंदांपुरताच असतो.

नागरी आवृत्ती अर्धस्वयंचलित असते. गोळी सुटल्यावर रिकामे काडतूस बाहेर फेकणे आणि नवे आत घेणे ही कामे बंदूक स्वतःच करते, मात्र पुढची गोळी झाडण्यासाठी चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. साधे आधुनिक पिस्तूलही असेच चालते. अमेरिकी कायद्यानुसार 'चापाच्या एका क्रियेत' एकाहून अधिक गोळ्या सुटत असतील तर ती मशीन गन. या तीन-चार शब्दांभोवती अमेरिकेतील शस्त्र उद्योगाचा एक अख्खा विभाग उभा आहे.

२०० डॉलर हा आकडा आला कुठून?

१९२० च्या दशकात थॉम्पसन सबमशीन गन अमेरिकेत कोणालाही विकत घेता येत असे. किंमत सुमारे २०० डॉलर. दारूबंदीच्या काळातील टोळ्यांनी ती उचलली. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोत सात जणांना गॅरेजच्या भिंतीपाशी उभे करून ठार मारण्यात आले, त्यात थॉम्पसन वापरल्या गेल्या. त्यातून फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या काळात १९३४ चा 'नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट' आला. काँग्रेसने मशीन गनवर बंदी घातली नाही, कर लावला. नोंदणी, बोटांचे ठसे आणि हस्तांतरणावर २०० डॉलर. म्हणजे बंदुकीच्या किमतीएवढाच कर. आजच्या हिशेबाने ती रक्कम साडेचार हजार डॉलरहून अधिक भरते, पण महागाईनुसार ती कधीच वाढवली गेली नाही.

या कायद्यात आणखी एक गोष्ट शिरली. मूळ मसुद्यात पिस्तुलेही होती. रायफल कापून आखूड करायची आणि कोटाखाली लपवायची, ही पळवाट बुजवण्यासाठी आखूड नळीच्या रायफलींवरही तोच कर प्रस्तावित झाला. पुढे पिस्तुले मसुद्यातून वगळली गेली, पळवाट बुजवणारे कलम मात्र राहिले. त्यामुळे पिस्तूल मोकळे आणि त्याहून मोठी, लपवायला अवघड अशी आखूड रायफल नोंदणीखाली, असे विचित्र चित्र तयार झाले. आज एमपी-५ सारख्या बंदुकांवर चाललेला बहुतेक वाद या राहून गेलेल्या कलमाचा आहे.

खरी सबमशीन गन मिळतच नाही का?

मिळते, पण ती श्रीमंतांची हौस आहे. १९ मे १९८६ रोजी रोनाल्ड रेगन यांनी बंदूकमालकांच्या बाजूचा म्हणून ओळखला जाणारा कायदा मंजूर केला. त्यात न्यू जर्सीचे डेमोक्रॅट सदस्य विल्यम ह्यूजेस यांची दुरुस्ती घुसवली गेली होती. त्या तारखेनंतर बनलेली मशीन गन सामान्य नागरिकाच्या नावावर होऊ शकत नाही. आधी नोंदवलेल्या, हस्तांतर करता येणाऱ्या मशीन गन सुमारे पावणेदोन लाख आहेत आणि हा साठा आता वाढणार नाही. परिणामी नोंदणीकृत एमपी-५ ची किंमत ३०-४० हजार डॉलर किंवा त्याहूनही वर जाते. कंपनीची अर्धस्वयंचलित 'एसपी-५' मात्र सुमारे तीन हजार डॉलरला मिळते. तुर्कस्तानातील 'एमकेई' या सरकारी मालकीच्या कंपनीने बनवलेला तसाच नमुना त्याच्या निम्म्या किमतीच्या आसपास. लष्करी रूप आणि लष्करी क्षमता यांच्या भावातील ही तफावत १९८६ च्या एका तारखेने तयार केली आहे.

यंत्रणेत बदल कोणता करावा लागतो?

जुन्या सबमशीन गनमध्ये बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा जड लोखंडी ठोकळा, मागे अडकलेला असतो. चाप ओढला की तो पुढे झेपावतो आणि त्याच धडकेत गोळी उडते. स्वस्त, कमी भागांची आणि लवकर न तापणारी रचना. युद्धकाळात लाखोंनी स्टेन बनल्या त्या यामुळेच. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील काही उत्पादकांनी हीच रचना ठेवून बाजारात 'अर्धस्वयंचलित' बंदुका आणल्या. त्या पुन्हा स्वयंचलित करणे फारच सोपे होते. १९८२ मध्ये अल्कोहोल, तंबाखू, शस्त्रे आणि स्फोटके विभागाने, म्हणजे 'एटीएफ'ने, अशा नव्या बंदुकांना मशीन गनच ठरवले. तेव्हापासून नागरी आवृत्तीत बोल्ट पुढे बंद राहतो आणि गोळी उडवणारा हातोडा किंवा पिन वेगळी असते.

एमपी-५ ची गोष्ट निराळी. १९६० च्या दशकात आलेल्या या बंदुकीत बोल्ट मुळातच बंद राहतो, म्हणून तिचा नेम पहिल्या गोळीपासून अचूक लागतो. नागरी आवृत्तीत बदल मुख्यतः चापाच्या यंत्रणेत आणि ती जिथे बसते तिथे. नळी, बोल्ट, मॅगझीन जवळपास तेच. ती सुधारून स्वयंचलित करणे हा संघीय गुन्हा असून शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे. त्यासाठी लागणारा खास सुटा भागही कायद्याच्या लेखी स्वतंत्र 'मशीन गन' आहे, मग तो नुसता खिशात का असेना. १९८८ च्या 'डाय हार्ड'मध्ये दहशतवाद्यांच्या हातात दिसणाऱ्या एमपी-५ या प्रत्यक्षात 'एचके-९४' नावाच्या नागरी बंदुका होत्या. चित्रपटासाठी त्या परवानाधारकांनी कापून स्वयंचलित केल्या होत्या.

पिस्तूल की रायफल?

खरी कसरत इथे आहे. दस्ता असलेली, खांद्याला टेकवून झाडायची बंदूक म्हणजे रायफल आणि तिची नळी किमान १६ इंच हवी. एमपी-५ ची नळी असते सुमारे नऊ इंच. त्यामुळे १९८० मध्ये उझी आणि १९८३ च्या सुमारास एचके-९४ अमेरिकेत आल्या त्या बोजड लांब नळी लावून. कमांडोच्या बंदुकीला बांबू जोडल्यासारखे ते रूप ग्राहकांना कधीच आवडले नाही.

तरी तेवढ्याने धोका टळला नव्हता. जुलै १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन इसिद्रो येथे मॅक्डोनल्ड्समध्ये झालेल्या गोळीबारात २१ जण मारले गेले. हल्लेखोराच्या शस्त्रांत उझीची अर्धस्वयंचलित आवृत्ती होती. जानेवारी १९८९ मध्ये त्याच राज्यातील स्टॉकटन येथे शाळेच्या मैदानावर पाच मुले मारली गेली. तिथे बंदूक एके-४७ च्या धर्तीची होती, पण त्यानंतर थोरल्या बुश यांच्या प्रशासनाने ज्या ४३ प्रकारच्या अर्धस्वयंचलित रायफलींची आयात रोखली, त्यांत उझी आणि एचके-९४ ही गेल्या.

कंपनीचे उत्तर त्याच वर्षी तयार होते. दस्ताच काढून टाकला. दस्ता नाही म्हणजे रायफल नाही. रायफल नाही म्हणजे १६ इंचांची अट नाही. 'एसपी-८९' या नावाने त्याच कुळातील बंदूक पिस्तूल म्हणून आली. आयात होणाऱ्या पिस्तुलांना 'क्रीडा उपयोगा'ची गुणपरीक्षा द्यावी लागते. १९६८ च्या कायद्यानंतर स्वस्त, चिमुकल्या पिस्तुलांची आवक थांबवण्यासाठी ती आखली गेली. म्हणून लांबी आणि वजनाला तिथे जादा गुण मिळतात. दोन किलोचे पिस्तूल अशा परीक्षेत नापास होणे अवघडच.

१३ सप्टेंबर १९९४ रोजी बिल क्लिंटन यांनी सही केलेल्या 'असॉल्ट वेपन' बंदीने हा मार्गही काही काळ बंद केला. उझी, मॅक-१०, टेक-९ ही नावे कायद्यात थेट घातली गेली. शिवाय वैशिष्ट्यांची यादी होती आणि त्यातील दोन जुळली की पिस्तूल बाद. 'स्वयंचलित शस्त्राची अर्धस्वयंचलित आवृत्ती असणे' हे त्यातील एक. लष्करी वंशावळ हाच दोष मानणारे असे कलम अमेरिकी संघीय कायद्यात अपवादानेच सापडते. पण यादी म्हटली की तिच्या कडेने चालणे आलेच. टेक-९ च्या निर्मात्याने नळीवरचे आटे आणि जाळीदार आवरण काढून 'एबी-१०' बाजारात आणले. 'एबी' म्हणजे 'आफ्टर बॅन', बंदीनंतरचे! दहा वर्षांनी, २००४ मध्ये, मुदत संपून बंदी आपोआप उठली.

दस्ता नसलेले अडीच किलोचे पिस्तूल एका हाताने धरणे तापदायकच. २०१२ मध्ये अपंग माजी सैनिकाच्या सोयीसाठी म्हणून मनगटाला बांधायचा 'ब्रेस' तयार झाला. एटीएफने त्याला दस्ता मानले नाही. लोकांनी तो हाताला बांधण्याऐवजी खांद्याला टेकवला आणि अशी लाखो पिस्तुले विकली गेली. जानेवारी २०२३ मध्ये एटीएफने भूमिका बदलून बहुतेक ब्रेसधारी पिस्तुलांना आखूड रायफल ठरवले. टेक्सासमधील संघीय न्यायाधीशांनी जून २०२४ मध्ये तो नियमच रद्द केला. रबर-प्लास्टिकचा तुकडा खांद्याला लागतो की मनगटाला, यावर दहा वर्षांची कैद अवलंबून होती. कायद्याची रेषा इतकी बारीक असेल तर ती पाळणाऱ्यालाही दिसत नाही, ही बंदूकमालकांची तक्रार निराधार म्हणता येत नाही. मात्र ही रेषा बारीक होत गेली ती तिला खेटून वस्तू बनवणाऱ्या बाजारामुळेच.

प्रत्यक्ष खरेदी कशी होते?

परवानाधारक दुकानात ओळखपत्र दाखवून '४४७३' क्रमांकाचा अर्ज भरायचा. दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडून पार्श्वभूमी तपासतो. उत्तर बऱ्याचदा काही मिनिटांत येते. कामकाजाच्या तीन दिवसांत उत्तर आले नाही, तर सर्वसाधारणपणे दुकानदार विक्री करू शकतो. २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्याला पिस्तूल मिळाले ते असेच. एकाच राज्यातील दोन खासगी व्यक्तींच्या व्यवहारात संघीय कायदा तपासणीची सक्ती करत नाही. दुकानातून पिस्तूल घेण्यासाठी वय २१, रायफलसाठी १८. म्हणजे तीच बंदूक १६ इंची नळी आणि दस्त्यासह असेल तर तीन वर्षे आधी मिळते. २१ वर्षांच्या अटीलाही न्यायालयात आव्हान मिळाले आहे.

पुढचा फरक राज्याचा. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, मेरीलँड अशा दहाएक राज्यांत या बंदुकांवर बंदी किंवा कडक निर्बंध आहेत. न्यू जर्सीच्या १९९० च्या यादीत उझीचे नाव आहे. त्यामुळे एडिसनमधील मराठी कुटुंबाला जी बंदूक घरात ठेवली तर तुरुंग, ती डॅलसच्या उपनगरातील त्यांच्या ग्रीन कार्डधारक नातेवाइकाला तपासणीनंतर दुकानातून मिळते. एच-१बी, एल-१ किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना मात्र संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगण्यासच मनाई आहे. अपवाद मोजके, त्यातला मुख्य म्हणजे शिकारीचा वैध परवाना. 'मित्राच्या नावावर घेतली' हा मार्ग तर दोघांनाही गोत्यात आणणारा, कारण खऱ्या खरेदीदाराचे नाव लपवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

भारतात काय स्थिती?

भारतातील १९५९ च्या शस्त्र कायद्याची व्याख्या थोडी वेगळी, पण अधिक सरळ आहे. चाप दाबून धरला असता तो सोडेपर्यंत किंवा मॅगझीन संपेपर्यंत गोळ्या सुटत राहिल्या, तर ते प्रतिबंधित शस्त्र. भारताने त्यापुढे जाऊन काडतुसावरही रेषा ओढली. सेनादलांचे ९ मिमीचे काडतूस वापरू शकणारी पिस्तुले आणि कार्बाइन प्रतिबंधित गटात येतात. म्हणूनच आपल्याकडील परवानाधारकांकडे बहुधा .३२ चे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर दिसते. एसपी-५ सारखी बंदूक एकेरी गोळी झाडणारी असली तरी इथे सामान्य परवान्यावर बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि प्रतिबंधित शस्त्र बाळगण्याची शिक्षा सात ते १४ वर्षे केली. पुण्याच्या एआरडीई प्रयोगशाळेच्या सहभागाने विकसित झालेली 'अस्मि' ही ९ मिमीची स्वदेशी मशीन पिस्तूल लष्कराकडे गेली. तिची नागरी आवृत्ती काढण्याचा प्रश्नच इथे उद्भवत नाही.

या बंदुका किती धोकादायक?

एफबीआयच्या आकडेवारीत अमेरिकेतील बंदुकीने होणाऱ्या बहुतेक हत्या साध्या पिस्तुलांनी होतात. ९ मिमीची गोळी एसपी-५ मधून सुटो वा खिशात मावणाऱ्या पिस्तुलातून, जखमेत फार फरक नसतो. बंदूकसमर्थकांचा हा युक्तिवाद तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण गर्दीवरील गोळीबारात नेमाची स्थिरता आणि मोठे मॅगझीन या दोन गोष्टी निर्णायक ठरतात आणि सबमशीन गन बनवली जाते ती त्यासाठीच. १९९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील एका कार्यालयात आठ जण मारले गेले आणि १९९९ मध्ये कोलंबाइन शाळेत हत्याकांड झाले. दोन्हीकडे टेक-९ च्या कुळातील पिस्तुले होती.

त्यात 'एक चाप, एक गोळी' ही भिंतही आता खचली आहे. २०१७ मध्ये लास वेगासच्या संगीत महोत्सवावरील गोळीबारात हल्लेखोराने 'बंप स्टॉक' वापरले. ६० जण मृत्युमुखी पडले. ट्रम्प प्रशासनाने या उपकरणावर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द केली. चाप प्रत्येक गोळीला तांत्रिकदृष्ट्या पुन्हा हलतो, म्हणून ती मशीन गन नव्हे, असे न्या. क्लेरेन्स थॉमस यांनी लिहिले. बदकासारखे चालणाऱ्या, पोहणाऱ्या आणि ओरडणाऱ्या पाखराला आपण बदकच म्हणतो, अशा आशयाचा टोला न्या. सोनिया सोटोमायोर यांनी विरोधी मतात लगावला. मे २०२५ मध्ये न्याय विभागाने, चाप आपोआप पुढे ढकलून वेगाने गोळीबार शक्य करणाऱ्या 'फोर्स्ड रिसेट ट्रिगर'च्या उत्पादकाशी तडजोड केली. त्यात पिस्तुलांसाठी असे चाप न बनवण्याची अट आहे. पिस्तूल आणि रायफल यांची सीमा किती धूसर आहे हे वर आलेच आहे.

शून्य कराने नेमके काय बदलले?

४ जुलै २०२५ रोजी ट्रम्प यांनी सही केलेल्या अर्थविषयक महाविधेयकाने सायलेन्सर, आखूड रायफल आणि आखूड शॉटगनवरील २०० डॉलरचा कर शून्य केला. मशीन गनवरील कर कायम आहे. अर्ज, छायाचित्र, ठसे आणि नोंदणीही तशीच आहे. म्हणजे एसपी-५ ला दस्ता लावायचा तर परवानगी आजही लागते, पैसे लागत नाहीत.

पण १९३४ चा कायदा टिकला होता तो कर म्हणून. १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काँग्रेसच्या कर लावण्याच्या अधिकारावर तो वैध ठरवला. जो कर वसूलच होत नाही, त्याच्यासाठी नोंदणी कशाच्या अधिकारात, असा सवाल करत बंदूकसमर्थक संघटना न्यायालयात गेल्या आहेत. हा युक्तिवाद मान्य झाला, तर मूळ एमपी-५ च्या आकाराची, दस्त्यासह आणि नऊ इंची नळीची अर्धस्वयंचलित बंदूक अनेक राज्यांत साध्या रायफलीसारखी विकली जाईल.

दुसरा धागा राज्यांच्या बंदीचा. २००८ च्या 'हेलर' निकालाने सर्वसामान्य वापरातील शस्त्रांना घटनेचे संरक्षण दिले आणि 'धोकादायक व असाधारण' शस्त्रे वगळली. मशीन गन असाधारण का? कारण १९८६ पासून नवी विकताच येत नाही. अर्धस्वयंचलित आवृत्ती सर्वसामान्य का? कारण ती लाखोंनी विकली गेली. या तर्कात प्रत्येक विक्री हा पुढच्या खटल्यातील पुरावा ठरतो. मेरीलँडच्या बंदीविरुद्धचे अपील ऐकण्यास सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये नकार दिला. थॉमस, अलिटो आणि गोर्सच हे तीन न्यायमूर्ती सुनावणीच्या बाजूने होते आणि चार मते लागतात. चौथे ठरू शकणारे ब्रेट कॅव्हॅनॉ यांनी नकाराशी सहमत होतानाच, येत्या एक-दोन सत्रांत न्यायालयाने हा प्रश्न हाती घ्यायला हवा, असे लिहून ठेवले आहे.